टाकाऊ, तात्पुरते, टिकाऊ : विधीतील मांडणी आणि मांडणशिल्पाचे द्रव्य

सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील अनेक गावांत दिवाळीच्या दिवसांत अंगण सारवून झाल्यावर घरातील स्त्रिया शेणाचा एक गोळा बाजूला काढून ठेवतात. त्यातून दारापुढे गवळणी घडतात. कोणी डोईवर घडा घेतलेली, कोणी ताक घुसळणारी, कोणी गाईच्या आचळाशी बसलेली. भोवती गाईवासरे, गोठा, लंगडा पेंद्या. काही गावांत बळीराजा, तर काही ठिकाणी पाच पांडव. आकृत्यांच्या डोक्यात झेंडूच्या पाकळ्या आणि गवताचे तुरे खोवले जातात, हळदकुंकू वाहिले जाते. तपशील गावागणिक, किंबहुना घरागणिक बदलतो. उन्हे वर आली की शेण सुकू लागते, कडांना तडे जातात. सण सरला की ज्या हातांनी हे मांडले त्याच हातांनी ते गोळा होते आणि शेणातच, म्हणजे गोवऱ्यांत किंवा उकिरड्यावर, परत जाते. त्याचे जतन करावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

शेण, माती, पाने, बिया, चिंध्या, तुटकी भांडी ही सामग्री गेल्या काही दशकांत कलादालनांतही आली आहे. एखादी वस्तू घडवून चौथऱ्यावर ठेवण्याऐवजी संपूर्ण जागाच वस्तूंनी, द्रव्यांनी आणि प्रेक्षकाच्या वावराने आकाराला आणणाऱ्या कलाप्रकारास इंग्रजीत इन्स्टॉलेशन म्हणतात. मराठी कलासमीक्षेत त्यासाठी ‘मांडणशिल्प’ ही संज्ञा रूढ झाली आहे. भारतात हा प्रकार ठळकपणे पुढे आला तो १९९०च्या दशकात. मुंबईतील दंगलींनंतर विवान सुंदरम यांनी १९९३ मध्ये केलेले ‘मेमोरियल’ हे त्या टप्प्याचे एक परिचित उदाहरण होय. पुढे महाविद्यालयीन युवक महोत्सवांतही मांडणशिल्पाची स्पर्धा घेतली जाऊ लागली आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शालेय कार्यानुभवातील ब्रीद त्या स्पर्धेला आपोआप येऊन चिकटले.

प्रस्तुत लेखात या ब्रीदालाच एक हरकत घेतली आहे. लोकविधींतील मांडणी टाकाऊतून टिकाऊ घडवीत नाही; ती टाकाऊतून तात्पुरते घडवते. तिच्यातील प्रत्येक द्रव्य आत येण्यापूर्वी त्याचा बाहेर जाण्याचा रस्ता ठरलेला असतो. विधीपासून प्रेरणा घेणाऱ्या कलाकृतीने कलश, कुंकू आणि वर्तुळ उचलले, पण हा रस्ता उचलला नाही, तर तिच्या हाती सजावट तेवढी उरते.

मांडणे आणि मोडणे

मराठीत ‘मांडणे’ या क्रियापदाचा संसार मोठा आहे. चौरंग मांडतात, रुखवत मांडतात, पूजा मांडतात, बाजार मांडतात, पट मांडतात, खेळ मांडतात. यांपैकी बहुतेक ठिकाणी मोडणे, उचलणे किंवा परतणे हे मांडण्याच्या पोटातच गृहीत धरलेले आहे. मांडव घातला की तो परतण्याचाही विधी असतो. घट बसतात आणि उठतात. गुढी सकाळी उभारायची आणि सूर्यास्तापूर्वी उतरवायची. ‘शिल्प’ या शब्दात टिकण्याची जी अपेक्षा आहे ती ‘मांडण’ या शब्दात नाही. ‘मांडणशिल्प’ या जोडशब्दात एका अर्थाने दोन परस्परविरोधी अपेक्षा एकत्र बांधल्या गेल्या आहेत. ज्याने कोणी ही संज्ञा प्रथम वापरली त्याच्या मनात हा विरोध असेलच असे नाही, पण तो उपयुक्त आहे.

घटस्थापनेचे उदाहरण पाहावे. पत्रावळीवर किंवा टोपलीत शेतातील माती पसरली जाते. तीत गहू, ज्वारी, हरभरा अशी घरात असलेली धान्ये पेरली जातात. मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, त्याच्या तोंडाशी विड्याची पाने व नारळ, शेजारी अखंड तेवणारा नंदादीप. वरून रोज एक माळ सोडली जाते. तीत कारळ्याची, झेंडूची, त्या वेळी माळावर जे फुललेले असेल ते फूल असते. मातीचा घट झिरपतो आणि तेच पाणी धान्याला मिळते. म्हणजे भांड्याचा सच्छिद्रपणा हा येथे दोष नसून यंत्रणा आहे. तांब्याचा कलश वापरल्यास पाणी वेगळे शिंपावे लागते. नऊ दिवसांत कोंब वीतभर वाढतात. उजेड कमी असल्यामुळे ते पिवळसर राहतात आणि लांब होतात. दसऱ्याला घट उठतो, धान उपटून पुरुष टोपीत किंवा फेट्यात खोवतात, स्त्रिया केसांत माळतात आणि माती शेतात जाते. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण पाहण्याची ही रीत असावी, असा अर्थ लावला जातो. तो अर्थ मान्य असो वा नसो, या मांडणीत काळ हे एक द्रव्य आहे हे नाकारता येत नाही. पहिल्या माळेचा घट आणि नवव्या माळेचा घट ही दोन वेगळी दृश्ये आहेत आणि मधल्या सात दिवसांत ती मांडणी स्वतःच स्वतःला घडवीत असते.

भाद्रपदातील गौरीही अशाच. कोठे मुखवट्यांच्या, कोठे तेरड्याच्या रोपांच्या, तर कोठे पाणवठ्यावरून आणलेल्या पाच किंवा सात खड्यांच्या. अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. खड्यांच्या गौरी ज्या पाण्यातून आल्या त्यात परत जातात. तेथे काहीही घडवलेले नसते. केवळ उचलून आणणे, मांडणे आणि परत नेणे एवढीच क्रिया असते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला ‘निवड’ ही कलाकृती कशी होते हे शिकवताना प्राध्यापक मार्सेल द्यूशाँ याच्या १९१७ च्या ‘फाउंटन’पासून आरंभ करतात. खड्यांच्या गौरीपासून आरंभ केल्यास गावाकडच्या विद्यार्थ्याला तो मुद्दा लवकर उमगेल, शिवाय त्यात एक पायरी अधिक आहे. द्यूशाँची वस्तू परत गेली नाही.

गोव्यातील माटोळी आणि सिंधुदुर्गातील माटवी ही या परंपरेतील बहुधा सर्वांत समृद्ध मांडणी असावी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कवंडळे, काकड्या, रानातील फळे, शेंगा, पाने व फुले बांधली जातात. ती बांधण्यासाठी वेलींचे व सालींचे बंध लागतात. कोणते फळ कोणत्या डोंगरउतारावर, कोणत्या आठवड्यात मिळते याचे ज्ञान असल्याशिवाय माटोळी होत नाही. गोवा शासनाच्या कला व संस्कृती संचालनालयातर्फे तिच्या स्पर्धाही घेतल्या जातात. स्पर्धेमुळे दुर्मीळ वनस्पतींची ओळख टिकते, हे खरे. पण संख्येची चढाओढ लागली की रानातून गरजेपेक्षा अधिक ओरबाडले जाण्याचा धोकाही असतो. प्रेरणेचे कौतुक होऊ लागले की द्रव्याचे काय होते, या प्रश्नाची ही एक लहानशी झलक आहे.

केर, उतारा आणि तो उचलणारे हात

विधींत नैसर्गिक द्रव्य असते हे सर्वज्ञात आहे. टाकून दिलेली वस्तूही विधीचे द्रव्य असते, याकडे मात्र कमी लक्ष जाते. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात आणि त्याच रात्री केर काढून, सूप वाजवून अलक्ष्मीला बाहेर घालवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. एकाच रात्री झाडणारी वस्तू लक्ष्मी होते आणि झाडलेली वस्तू अलक्ष्मी. दृष्ट काढताना मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात. उतारा तिठ्यावर ठेवतात आणि मागे वळून पाहत नाहीत. टाकणे ही येथे निष्काळजीपणाची क्रिया नसून काटेकोर नियमांची क्रिया आहे. जागा, वेळ, हात, परत न पाहणे, सारे ठरलेले. आजच्या कचऱ्यात आणि उताऱ्यात हाच फरक आहे की उतारा टाकणाऱ्याला आपण काय टाकले आणि कोठे टाकले हे नेमके ठाऊक असते.

तथापि या वर्णनात रमून जाण्यापूर्वी एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. गावगाड्यात टाकलेले उचलण्याचे काम जातीने लावून दिलेले होते. मेलेले जनावर ओढणे, केर काढणे, मैला वाहणे ही कामे कोणी करायची हे जन्माने ठरत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत मांस व उष्टे यांचा त्याग करण्याचे आवाहन केले, ते या व्यवस्थेला नकार देण्यासाठीच. त्यामुळे वर्गातील दोन विद्यार्थ्यांच्या हाती शेण किंवा भंगार दिले तर ते एकच द्रव्य राहत नाही. एकासाठी तो नवा अनुभव असतो, दुसऱ्यासाठी आजीने कष्टाने मागे टाकलेला भूतकाळ. टाकाऊ द्रव्याचे सौंदर्य सांगणाऱ्या अनेक लेखांतून ही बाजू गळून जाते आणि मग त्या सौंदर्यात एक प्रकारचा खोटेपणा शिरतो.

समकालीन कलाकारांनी हा प्रश्न टाळलेला नाही. मुंबईचे अमोल के. पाटील यांनी २०२२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील पंधराव्या डॉक्युमेंटात सादर केलेल्या कामाच्या मुळाशी मुंबईच्या सफाई कामगारांचे जग आहे. विवान सुंदरम (निधन २०२३) यांनी २००८ च्या ‘ट्रॅश’ या प्रकल्पात दिल्लीतील कचरावेचकांबरोबर काम करून टाकाऊ वस्तूंची एक नगरी मांडली आणि तिची छायाचित्रे प्रदर्शित केली. पहिल्या कामात द्रव्यापेक्षा देह महत्त्वाचा आहे, दुसऱ्यात वस्तूंचा ढीग. दोहोंत विधी नाही. मग विधीचे काय होते?

दालनात गेलेला विधी

१९८९ मध्ये पॅरिस येथे झालेल्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. ऑस्ट्रेलियातील युएन्डुमू येथील आदिवासी कलाकारांनी जमिनीवर मांडलेली विधिचित्राकृती आणि तिच्यामागील भिंतीवर ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग याने मातीने काढलेले प्रचंड वर्तुळ अशी दोन कामे तेथे एकाच जागेत होती. याच प्रदर्शनात ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचाही सहभाग होता. पुढे २००३ मध्ये मशे आणि लाँग यांचे ‘डायलॉग’ हे संयुक्त प्रदर्शन जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे भरले.

वारली समाजात लग्नाचा चौक सुवासिनी काढतात. झोपडीची भिंत शेणाने किंवा गेरूने सारवून तांदळाच्या पिठाने पालघट देवी रेखली जाते, धवलेरी गाणी म्हणते. लग्न झाले की चौकाचे काम संपते. भिंत पुन्हा सारवली जाते. मशे यांनी १९७०च्या दशकात हे चित्रण भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणले. कापडाला शेणाचा लेप देऊन त्यावर चित्र काढण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. शेण भिंतीवरून कापडावर आले, परंतु ते पुसले जाणे मात्र मागेच राहिले. शिवाय चौक काढणाऱ्या स्त्रियांचे हात मागे राहिले आणि नाव एका पुरुषाचे झाले. यात मशे यांच्या प्रतिभेला उणेपणा नाही. त्यांनी चौकाबाहेरचे शेत, तारपा नृत्य, मासेमारी हे सारे विश्व चित्रात आणले आणि वारल्यांना जगाच्या नकाशावर नेले. पण विधीतून कला होताना काय बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

याउलट बेंगळुरूच्या शीला गौडा यांचे काम. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या गौडा यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी शेण हे द्रव्य हाती घेतले. ‘अँड टेल हिम ऑफ माय पेन’ या १९९८ च्या कामात सुयांतून दोरे ओवून, ते डिंक व कुंकवाने माखून त्यांचे लालभडक दोरखंड दालनात सोडले आहेत. २००९ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत गेलेल्या ‘बिहोल्ड’मध्ये माणसांच्या केसांचे काही किलोमीटर लांबीचे दोर मोटारींच्या पोलादी बंपरांना तोलून धरतात. देवस्थानात नवस म्हणून उतरवलेले केस, आणि अशा केसांचे दोर दृष्ट लागू नये म्हणून वाहनाला बांधणारे चालक, या दोन साध्या वस्तुस्थितींतून ते काम उभे राहते. महाराष्ट्रातील वाचकाला काळी दोरी आणि लिंबूमिरची यांमुळे ते लगेच ओळखीचे वाटेल. गौडा विधीचे रूप उचलत नाहीत. ओवणे, माखणे, वळणे हे श्रम उचलतात. त्यांच्या कामाचे बळ तेथे आहे. मात्र हेही खरे की नवसात ज्यांचा त्याग झाला ते केस आता संग्रहालयाच्या मालमत्तेत आहेत आणि त्यांचे जतन होते.

वुल्फगाँग लाइब हा जर्मन कलाकार या दृष्टीने सर्वांत बोधप्रद ठरतो. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून तो कलेकडे वळला आणि तमिळनाडूशी त्याचा दीर्घ संबंध राहिला आहे. १९७५ पासून केलेल्या ‘मिल्कस्टोन’ या कामात किंचित खोलगट घासलेल्या शुभ्र संगमरवरी शिळेवर काठोकाठ दूध ओतले जाते. दूध नासते, म्हणून ते रोज काढावे लागते, शिळा पुसावी लागते, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावी लागते. आणि हे काम प्रदर्शनाच्या काळात दालनातील कर्मचारी करतात. फुलांचे पराग तो स्वतः ऋतूमागून ऋतू गोळा करतो, जमिनीवर चाळणीने पेरून त्यांचा पिवळा चौक करतो आणि प्रदर्शन संपले की ते परत बरण्यांत भरून नेतो. या कामांत देवता नाही, मंत्र नाही, कुंकू नाही. पण नित्यनेम आहे आणि उचलणे आहे. विधीची प्रेरणा म्हणतात ती ही.

मराठी मुलखात सागरतटाशी असे नाते जोडणारे कलाकार म्हणून गोव्याचे डॉ. सुबोध केरकर यांचा उल्लेख करावा लागेल. तेही डॉक्टरी सोडून कलेकडे आले. वाळू, शिंपले, होड्यांची जुनी लाकडे यांतून त्यांनी किनाऱ्यावर केलेल्या मांडण्या आणि २०१५ मध्ये पिळर्ण येथे सुरू केलेले म्युझियम ऑफ गोवा सुपरिचित आहे. मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी १९९९ मध्ये शीतपेयांच्या बाटल्यांच्या बुचांची साडी घडवली. तिचा विषय जागतिकीकरणाचा असला तरी बूच बुचाला जोडण्याचे काम पाहता ती आजीच्या गोधडीचीच दूरची नात वाटते.

द्रव्य बाहेर जात नाही तेव्हा

विधी तसाच राहिला आणि द्रव्य बदलले तर काय होते, याचा प्रयोग महाराष्ट्राने नकळत करून पाहिला आहे. शाडूच्या मूर्तीऐवजी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आली. शाडू ही चिकणमाती. पाण्यात तिचे कण सुटे होतात. प्लॅस्टर म्हणजे भाजलेले जिप्सम. पाणी मिळाल्यावर ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते आणि जिप्सम पाण्यात अत्यल्प विरघळते. म्हणून मूर्ती बुडते, पण विसर्जित होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशा मूर्तीचे विघटन करण्याची पद्धत विकसित केली. तीत अमोनियम सल्फेट हे खत आणि कॅल्शियम कार्बोनेट मिळते. रसायनशास्त्राने येथे एका विधीचे शेवटचे पाऊल परत मिळवून दिले असे म्हणता येईल. मखराची कथा अशीच. थर्मोकोल हलके, स्वस्त, कापायला सोपे, म्हणून घरोघर पोहोचले. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लॅस्टिक व थर्मोकोलबंदीची अधिसूचना काढली आणि सजावटकारांना कागद, पुठ्ठा, कापड व बांबू यांकडे वळावे लागले.

महाविद्यालयांतील ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शनांत घडते ते याहून फार वेगळे नाही. काचेची बाटली भंगारवाला विकत घेतो. तिच्यावर डिंकाने डाळी, टिकल्या व सुतळी चिकटवून वरून तैलरंग दिला की ती भंगारवालाही घेत नाही. म्हणजे परत वापरता येणारी वस्तू कायमची कचरा झाली, आणि तिला पारितोषिकही मिळाले.

लोणंदची सामग्री

नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरल्यावर लागणारे लोणंद (ता. खंडाळा) हे कांद्याच्या बाजारपेठेसाठी आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामासाठी प्रसिद्ध आहे. या दोन्ही गोष्टी मांडणशिल्पाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पालखी आषाढवारीत वाल्हे येथून येताना माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घातले जाते, लोणंदला मुक्काम होतो आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. वारकरी दुतर्फा उभे राहतात, मधून अश्व धावतो आणि धावून गेल्यावर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. माणसांच्या रांगांनी एक जागा तयार होते, काही क्षण भारली जाते आणि मोडते. एकही खांब पुरला जात नाही. जागा कशी घडवावी याचा इतका मोठा पाठ लोणंदच्या विद्यार्थ्याला घरापासून काही किलोमीटरवर दरवर्षी मिळतो. पालखी पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या पत्रावळी हा दुसरा पाठ. पळसाच्या पानांची पत्रावळ मातीत जाते. कागदी पत्रावळीवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असेल तर जात नाही. ओली करून फाडली की पापुद्रा वेगळा सुटतो, एवढी चाचणी पुरेशी आहे.

बाजार समितीच्या आवारात व कांदाचाळींत सुकलेली पाती आणि कांद्याची सालपटे यांचे ढीग पडतात. सालपटे पाण्यात उकळून तुरटी घातल्यास सुती कापडाला पिवळा ते सोनेरी रंग चढतो. त्याच पाण्यात गंजलेले लोखंड पडले तर रंग काळपट हिरव्याकडे झुकतो. सालपट वजनाला नगण्य असल्यामुळे ते वाऱ्यावर हलते आणि त्यातून प्रकाश आरपार येतो. म्हणून ते गव्हाच्या खळीने थरावर थर चिकटवून पातळ पडदे करता येतात, किंवा सुईने ओवून माळा सोडता येतात. घटावरील माळेप्रमाणे रोज एक माळ वाढवीत नेल्यास मांडणी पहिल्या दिवशी पूर्ण असण्याची गरजच उरत नाही.

शेणाचे काम वाटते तितके सोपे नाही. निव्वळ शेणाची जाड आकृती बाहेरून सुकते, आतून ओली राहते आणि तिला बुरशी धरते. काळी माती मिसळली तर ती सुकताना फार आकसते आणि भेगा रुंदावतात. त्यापेक्षा पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची माती आणि बारीक भुसा घालणे चांगले. आत तुरीच्या काड्यांचा किंवा ज्वारीच्या ताटांचा सांगाडा बांधावा, त्यावर गोणपाटाच्या चिंध्या गुंडाळाव्यात आणि लेप दोन बोटांहून जाड करू नये. बांधण्यासाठी तारेऐवजी सुतळी. रंगासाठी गेरू, चुना, काजळी, हळद. हळद उन्हात उडते. ते खपत नसेल तर ती वापरू नये, पण तिच्यावर रासायनिक लेप देऊन ती टिकवण्याचा आटापिटाही करू नये.

कांद्याच्या लाल जाळीदार पिशव्यांना मात्र मातीत रस्ता नाही. त्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या वापरायच्याच असतील तर कापायच्या नाहीत, चिकटवायच्या नाहीत, रंगवायच्या नाहीत. केवळ गाठी मारून जोडायच्या, म्हणजे मांडणी मोडल्यावर गाठी सोडून त्या पुन्हा कांदा भरायला जाऊ शकतात. चिकटवणे आणि गाठ मारणे यांतील हा फरक लहान दिसतो, परंतु मांडणशिल्पाच्या परीक्षकांनी गुणपत्रिकेत त्याला एक रकाना दिला तर स्पर्धेचे स्वरूप बदलेल.

उरतो नावाचा प्रश्न. गवळणी करणाऱ्या स्त्रीला बोलावून तिच्याकडून हात कसा चालतो हे शिकून घेतले, तर मांडणीजवळच्या पाटीवर तिचे नाव विद्यार्थ्यांच्या नावांच्या आधी यावे, आणि येण्याचे मानधन तिला मिळावे. विधीतील कोणती गोष्ट दाखवायची नाही हे ठरवण्याचा अधिकारही तिचाच. ज्या विद्यार्थ्याला शेणात हात घालायचा नाही त्याला कारण विचारू नये; मोजमाप, प्रकाश, नोंदी, छायाचित्रण अशी कामे पुष्कळ असतात. आणि मोडण्याच्या दिवशी सेवकवर्गाला बोलावू नये. ज्यांनी मांडले त्यांनीच मोडावे आणि वाहून न्यावे, हा भाग मूल्यमापनात धरावा.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या नाडेप टाकीत शेण, माती आणि काडीकचरा यांचे थर लावून सुमारे तीन ते चार महिन्यांत खत होते. मांडणशिल्पाला लागते तीच ही सामग्री, केवळ थरांचा क्रम वेगळा. टाकीच्या विटांत हवेसाठी छिद्रे ठेवलेली असतात. ओलावा टिकावा म्हणून वरून शेणमातीने लिंपून घेतात आणि तडे गेले की पुन्हा लिंपतात. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मांडलेले काम कार्तिकात मोडून महाविद्यालयाच्या आवारातील टाकीत गेले, तर गुढीपाडव्याच्या सुमारास ते चाळून बागेत घालता येते.